अंग धरलंय म्हणावं की वजन वाढलंय?

गणपतीला मुंबईहून हर्णेला आलेल्या चाकरमान्याची विचारपूस सुरू होते ती अंगकाठीपासून. 'मुंबई मानवली हो तुला' किंवा 'किती वाळलास रे', या दोनांपैकी एक वाक्य ठरलेलं. पहिलं कौतुकाचं आणि दुसरं काळजीचं का, हे कळायला किनाऱ्यावरचा पावसाळा ठाऊक हवा. पश्चिम किनाऱ्यावर आज 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी सरकारी आदेशाने बंद असते; आदेश नव्हता तेव्हाही खवळलेल्या दर्यामुळे होड्या वर ओढाव्या लागतच. ते दिवस साठवलेल्या भातावर आणि सुक्या मासळीवर काढायचे. अशा मुलखात अंगावरचं मांस हीसुद्धा बेगमीच, आणि ती ज्याच्याकडे तो 'खात्यापित्या घरचा'. गुटगुटीत, बाळसेदार, अंगाने भरलेली हे शब्द टंचाईने गोड केले. हडकुळा, लुकडा, किडकिडीत हे शब्द तिनेच बोचरे केले.

आता वारं फिरलं आहे. 'बारीक झालीस' ही शाबासकी झाली आणि 'अंग धरलंय' ऐकून माणूस ओशाळतो. मग लठ्ठ, जाडा, ढोल्या यांना पर्याय शोधले जातात: स्थूल, ओव्हरवेट, प्लस साइज आणि सगळ्यांत गमतीचा 'हेल्दी', जो बऱ्याचदा प्रकृतीविषयी शंका असतानाच वापरतात. 2016 साली सचिन कुंडलकरांनी दोन जाड मैत्रिणींवर चित्रपट काढला, त्याचं नाव 'वजनदार'. पण मवाळ शब्द फार दिवस मवाळ राहत नाही. ज्या गोष्टीकडे समाज नाक मुरडून पाहतो, तिचं नाव बदललं तरी नाक मुरडणं काही काळाने नव्या नावाला चिकटतं. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी हे चक्र वर्णिलं आहे. 'स्थूल' तर अजून पुरता रुळलाही नव्हता, तोवर टोमण्यात जाऊन बसला.

माझा आक्षेप शब्दांच्या कडकपणापेक्षा त्यांच्या अचूकतेवर आहे. गोड असोत की कडू, हे सारे शब्द दिसण्यावरून प्रकृतीचा निकाल देतात, आणि तो निकाल किती फसवा असतो हे पुण्यातच सिद्ध झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, एकच: 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती. सरासरी वजन जेमतेम 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. अशा बाळाला 'लुकडं' म्हणणारा आणि पुढे चार किलो वाढल्यावर 'आता कसं बाळसं धरलं' म्हणणारा, दोघेही चुकतात. सुदृढ बालक स्पर्धांत गुबगुबीत गालांना मिळणारी बक्षिसं याच समजुतीवर उभी आहेत.

यावर डॉक्टर म्हणतील, 'लठ्ठपणा' हा शब्दच टाळला तर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांचं गांभीर्य कसं पटवायचं? रास्त प्रश्न आहे. आजाराला नाव हवंच, आणि ते आजाराचं असावं. 'तुम्ही लठ्ठ आहात' आणि 'तुमची साखर वाढली आहे, कंबर इतकी आहे' यांतलं दुसरं वाक्य अधिक स्पष्ट आहे, शिवाय त्यावर काही करता येतं. हिणवल्याने वजन उतरत नाही. उलट माणूस दवाखान्याची पायरी चढायचं टाळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जानेवारी 2025 मध्ये 'लॅन्सेट'च्या एका आयोगानेही केवळ बीएमआयवर निदान करू नये असं सुचवलं आणि अवयवांवर परिणाम झालेला लठ्ठपणा व न झालेला लठ्ठपणा असे दोन भाग केले. दुसरा आक्षेप घरातला: 'जाड्या' ही तर मायेची हाक, तिचं एवढं काय? असेलही माया. पण तीच हाक मुलीला मारली की तिच्यामागे लग्नाच्या बायोडाटातला 'सडपातळ बांधा' उभा असतो, आणि तेव्हा माया कोणाची नि मोजमाप कोणाचं हे वेगळं करता येत नाही.

जुनी मापं तरी कोणावर लावायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर पाच स्त्रियांत साधारण एक कमी वजनाची निघाली, आणि अधिक वजनाच्या त्याहून थोड्या जास्तच. म्हणजे टंचाई आणि सुबत्ता एकाच गावात नांदतात, कधी एकाच घरात. तिथे नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेलं कौतुकही नको आणि टोमणाही नको. भारतीयांसाठी धोक्याची रेषा कमरेवर मोजतात: पुरुषांना 90 सेंटिमीटर, स्त्रियांना 80. काळजी वाटलीच, तर शिंप्याची टेप घेऊन आधी स्वतःची कंबर मोजा आणि नंतर घरच्यांना त्यांची मोजायला सांगा.