दात आहेत, चणेही आहेत!

मराठीचे वर्ग घेताना एक गोष्ट माझ्या नेहमी ध्यानात येते. आपल्या भाषेने दातांवर फार लोभ केला आहे. राग आला की आपण दातओठ खातो, हरलेला शत्रू दाती तृण धरून शरण येतो, भीतीने दातखीळ बसते आणि मुलांना तेच ते सांगून आईच्या दाताच्या कण्या होतात. मात्र तोंडातल्या खऱ्याखुऱ्या दातांची आठवण आपल्याला होते ती रात्री दोनच्या सुमारास, दाढ ठणकू लागल्यावर!

याला दातांची घडणही थोडी कारणीभूत आहे. दातावरचे पांढरे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, हाडाहूनही कठीण. पण त्याला संवेदना नसते. खड्डा वरच्या वर आहे तोवर दात तक्रार करीत नाही. तो आत शिरून शिरेपाशी पोचला की मग ठणका. म्हणजे दुखणे ही रोगाची सुरुवात नव्हे. तो त्याचा बराच पुढचा मुक्काम असतो. सुरुवातीला जे काम थोड्या सिमेंटात भागले असते, त्यासाठी मग रूट कॅनॉल करावे लागते, नाहीतर दाढच काढावी लागते.

आपण 'दात किडला' म्हणतो खरे, पण दातात किडा कधीच नसतो. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने एनॅमल विरघळू लागते. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण तिला त्यासाठी साधारण अर्धा तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याच्याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. गृहिणींनो, फराळाचे डबे कुलपात ठेवा असे मी सांगणार नाही. करंजी, चिरोटे, अनारसे सर्वांनी एकत्र बसून खावेत आणि चूळ भरून उठावे. येताजाता एकेक शंकरपाळा तोंडात टाकणारा माणूस मात्र दिवसभर लाळेला विसावा मिळू देत नाही.

सकाळच्या दात घासण्यापेक्षा रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. ब्रश मऊ असावा, दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवावा, केस वाकले की बदलावा. भांडे घासल्यासारखे दात घासल्याने ते झिजतात, शुभ्र होत नाहीत. पेस्ट फ्लोराइडची घ्यावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. मात्र चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक असते आणि त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात. तिथल्यांनी डॉक्टरांना विचारून पेस्ट ठरवावी.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना तीही दुधाचीच वाटते आणि 'पडायचीच आहे' म्हणून किडू दिली जाते. ही दाढ कायमची असते. खेळताना पुढचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता उचलावा, दुधात ठेवावा आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. तो पुन्हा बसवता येण्याचा संभव असतो.

रात्री दाढ ठणकलीच तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, कापसाला किंचित लवंगेचे तेल लावून दाढेवर धरावे. दुखणे थांबवण्याची गोळी हिरडीवर चिकटवू नये. तिथली कातडी भाजते. गालावर सूज आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दाढ काढल्याने डोळे जातात, ही आपल्याकडची जुनी भीती. दाढेच्या शिरा वेगळ्या, दृष्टीची शीर वेगळी. या भीतीपायी कितीतरी माणसे वर्षानुवर्षे तोंडात पू बाळगतात!

आणि आता मिश्रीविषयी. माझी आत्या लग्न होऊन सासरी आली तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावीत असे. भाजलेली तंबाखूच ती, पण 'दातांना बरी असते' हा तिचा ठाम विश्वास. दात कधी दुखला नाही, म्हणून दंतवैद्याची पायरी ती कधी चढली नाही. अखेर कवळीचे माप द्यायला मी तिला घेऊन गेलो, तर डॉक्टर कवळीचे बोलणे सोडून तिच्या गालाच्या आतल्या एका पांढऱ्या चट्ट्याकडे बघत राहिले. तो तुकडा तपासायला गेला त्या आठवड्यात आमच्या घरात कोणाला घास गोड लागला नाही. सुदैवाने रोग उंबरठ्यावरच थांबला होता. चट्टा काढला, मिश्रीची डबी मोरीत रिकामी झाली. "अगं, पण तो दुखत नव्हता ना!" हे ती आजही नवलाने सांगते. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारत सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला मात्र कायदा कसा अडवणार? तोंडातला पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारे व्रण, मग ते दुखोत वा न दुखोत, दाखवलेच पाहिजेत.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेची दंत महाविद्यालये आहेत. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून हे काम करीत आहे. अशा ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत उपचार होतात.

दात आहेत तर चणे नाहीत, अशी आपल्या आजी-पणजीची रड होती. आपल्या ताटात आज चणेही आहेत आणि चकल्याही. तेव्हा फराळ उरकला की घरातल्या वडीलधाऱ्यांना खिडकीपाशी उजेडात बसवा आणि एकदा तोंड उघडायला सांगा. ते जरा कुरकुरतील, कुरकुरू द्या.