आभासी यंत्रास जोडावयाची अतिरिक्त डिस्क

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळे येथे निधन झाले. गावोगाव हिंडून कागदपत्रे मिळविण्याच्या त्यांच्या कार्याचा वारसा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने चालविला. अशा मोडी कागदांच्या प्रतिमा संगणकात ठेवावयाच्या म्हटल्या म्हणजे प्रथम जागेचा हिशेब करावा लागतो. ए-फोर आकाराचे एक पान इंचास ६०० बिंदू या घनतेने टिपले, तर सुमारे ३ कोटी ४८ लाख बिंदू होतात. रंगासाठी प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरले आणि प्रतिमेचे आकुंचन केले नाही, तर एका पानास सुमारे १०४ मेगाबाइट लागतात. दहा हजार पानांस १ टेराबाइटहून थोडे अधिक.

अशा पानांवर काम करणाऱ्या जळगावच्या एखाद्या विद्यार्थ्यास विभागाच्या सर्व्हरवर १०० गिगाबाइटची डिस्क असलेले आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, मिळाले आहे असे समजू. हजार पाने पुरी होण्यापूर्वीच ती डिस्क भरेल. मग तिला जागा कशी जोडावयाची, आणि जोडताना आधीची पाने सुरक्षित कशी राखावयाची, हा येथील प्रश्न आहे.

आभासी यंत्राची डिस्क ही बहुधा यजमान संगणकावरील एक मोठी फाइल असते. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र ती खरीखुरी डिस्कच भासते. ही कल्पना नवी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात आयबीएमने जी आभासी यंत्रे घडविली, त्यांतही एका मोठ्या डिस्कचे भाग पाडून प्रत्येक यंत्रास आपापली ‘मिनिडिस्क’ दिली जात असे.

जागा वाढविण्याचे मार्ग दोन: असलेली डिस्क मोठी करणे, किंवा दुसरी जोडणे. पहिला सोपा वाटतो आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. यजमानाकडे फाइल मोठी केली तरी आतील पार्टिशन पूर्वीएवढेच राहते. पार्टिशन वाढविले तरी त्यावरील फाइल सिस्टिम आपली जुनीच सीमा धरून बसते. तिन्ही थर बाहेरून आत या क्रमाने वाढवावे लागतात. लहान करावयाचे झाल्यास क्रम उलटा, आणि तेथे चूक झाली तर पानेच कापली जातात. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम तर वाढविणे सुलभ, पण लहान करण्याच्या भरीस पडू नये. शिवाय पार्टिशनचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा असेल, तर ५१२ बाइटांच्या सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांत मावेनासे झाले की, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटांपाशी, वाढ खुंटते. वरील हिशेबाने ती २१ हजार पानांची मर्यादा होय. मोठ्या संग्रहास आरंभापासूनच जीपीटी पद्धतीचा तक्ता घ्यावा.

संशोधनसामग्रीसाठी दुसरी डिस्क जोडणेच श्रेयस्कर होय. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालावी लागली तरी तिला धक्का लागत नाही, आणि वेळप्रसंगी ती सोडवून दुसऱ्या यंत्रास लावता येते. मात्र एकाच वेळी दोन यंत्रांस ती लावू नये. सामान्य फाइल सिस्टिमला आपल्याखेरीज दुसरे कोणी लिहीत आहे याची वार्ताच नसते. दोघांनी लिहिले की नोंदी परस्परांवर चढतात.

नव्या डिस्कवर पार्टिशन करून फाइल सिस्टिम घातल्यावर लिनक्समध्ये ती एखाद्या फोल्डरावर माउंट करावी लागते. ही पायरी किरकोळ समजली जाते. वस्तुतः घात येथेच होतो. ज्या फोल्डरावर डिस्क माउंट केली, त्यात आधीपासून असलेल्या फाइली दिसेनाशा होतात. त्या नष्ट झालेल्या नसतात. जुन्या डिस्कवर जागा अडवून त्या झाकल्या गेलेल्या असतात. याच्या उलट, यंत्र पुन्हा सुरू होताना माउंट चुकले, तर प्रतिमा टिपणारा प्रोग्रॅम निमूटपणे जुन्या डिस्कवरील फोल्डरात लिहीत राहतो. आठवडाभराने डिस्क पुन्हा माउंट झाली की त्या आठवड्याची पाने अदृश्य!

यावर उपाय साधे आहेत. माउंट करण्यापूर्वी त्या रिकाम्या फोल्डरावर सामान्य वापरकर्त्यास लिहिण्याची परवानगी ठेवू नये. एफएसटॅब या फाइलीत डिस्कची नोंद करताना तिचे उपकरणनाम न देता यूयूआयडी द्यावा. कारण डिस्कांची संख्या बदलली की उपकरणनामे बदलू शकतात. डिस्क न सापडल्यासही यंत्र चालू व्हावे अशी ‘नोफेल’ सूचना तेथे देता येते. ती सोयीची खरी, तथापि संग्रहाच्या यंत्रास ती न देणे बरे. यंत्र अडून बसले तर निदान कोणीतरी चौकशी करतो.

आणखी एक भ्रम आकाराविषयीचा. ‘थिन’ प्रकारची डिस्क कागदोपत्री १ टेराबाइट असते, पण यजमानाकडील जागा लिहिले जाईल तसतशीच खर्च होते. २ टेराबाइटांच्या यजमानावर अशी तीन यंत्रे सुखाने नांदतात, जोवर तिघांचे लेखन मिळून २ टेराबाइटांच्या आत आहे तोवर. त्यानंतर आत जागा रिकामी दिसत असूनही लेखन अडते आणि कित्येक व्यवस्थांत यंत्रच थांबविले जाते. आतील फाइली पुसल्याने यजमानाची जागा आपोआप मोकळी होते असेही नाही. डिस्कार्डची सूचना सर्व थरांतून खाली पोचावी लागते.

असा फेरबदल करण्यापूर्वी स्नॅपशॉट घेतला म्हणजे झाले, ही समजूतही तपासून घ्यावी. स्नॅपशॉट मूळ डिस्कफाइलीवरच विसंबून असतो. ती बिघडली की तोही निरुपयोगी. शिवाय व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असलेल्या डिस्कचा आकार वाढविता येत नाही. म्हणून पानांची स्वतंत्र प्रत निराळ्या संगणकावर आधीच करावी. नवी डिस्क माउंट झाल्यावर पाने तीवर उतरवावी, प्रत्येक फाइलीच्या चेकसमचा ताळा पाहावा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि डिस्क आपणहून जागेवर आली की नाही हे पाहावे. जुन्या डिस्कवरील पाने पुसावयाची ती त्यानंतर.