दुकानाचा जुना फोन तोडण्याआधी

व्यापारी बांधवांनो, एक काळ असा होता की सुरतच्या पेढीशी बोलायचे तर रात्री पाव दर सुरू होईपर्यंत एस.टी.डी. बूथवर ताटकळावे लागे. आज फायबर इंटरनेटच्या भाड्यातच देशभर बोलणे मोफत मिळते. मग जुन्या टेलिफोनचे वेगळे बिल का भरावे, असे अमरावती-अकोल्याचे अनेक दुकानदार विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण घाई नको. घाईचे नुकसान मी स्वतः सोसले आहे.

फायबर आले त्याच आठवड्यात मी जुना फोन बंद करायला अर्ज दिला. पण तोच नंबर बिलबुकावर, पाटीवर, पिशव्यांवर छापलेला होता. दर्यापूर-अचलपूरची जुनी गिऱ्हाइके त्याच नंबरवर माल सांगत. ऐन लग्नसराईत फोन लागेना, तेव्हा काहींना वाटले, दुकान उठले. दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, ती परतली नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट नंबरची. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी तोच राहतो. लँडलाइनला ती सोय नाही. आहे त्याच कंपनीचे फायबर घेत असाल, तर नंबर तोच राहील काय ते विचारा आणि लेखी घ्या. कंपनी बदलायचीच असेल तर जुना फोन दोन-तीन महिने चालू ठेवून सर्वांना नवा नंबर कळवा.

दुसरी गोष्ट विजेची. तांब्याच्या तारेत वीज एक्स्चेंजमधून येते, म्हणून लाइट गेली तरी साधा फोन वाजतो. फायबरची तार काचेची; तिच्यातून वीज येत नाही. लाइट गेली की मोडेम बंद आणि फोनही बंद. मोडेमपुरती छोटी यू.पी.एस. मिळते. घेताना मोडेमवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा.

तिसरी गोष्ट हिशोबाची. ३९९ रुपयांच्या योजनेवर १८ टक्के जी.एस.टी. धरला की बिल ४७१ रुपयांच्या आसपास जाते. जोडणीचा खर्च, मोडेमची अनामत आणि किती महिन्यांचे पैसे आगाऊ द्यायचे, हेही विचारा. जोडणी दुकानासाठी असेल तर ती जी.एस.टी. नंबरावर घ्या, नियमित करदात्याला या कराची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

मोडेमला टेलिफोनची खाच आहे काय, तेही पाहून घ्या. असेल तर बटणांचा जुना फोन तिथेच लागतो. घरात अम्मीला मोबाइलचा पडदा जमत नसेल, तर याचा मोठा आधार होतो. एवढे लक्षात ठेवा की १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावे लागते.

फायबर जरूर घ्या, त्यात बचत आहे. पण बचत मोजताना, आपला फोन लागला नाही म्हणून परत जाणारे गिऱ्हाईकही हिशोबात धरा.