स्वस्त लॅपटॉपचा महाग हिशेब

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावात दिले गेले. त्यासाठी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तेथे आले होते. पहिला क्रमांक रंजना सोनवणे या आदिवासी महिलेला मिळाला. तेव्हापासून या जिल्ह्यातील गरीब माणसाची ओळख वहीतून संगणकात गेली. आज जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, रेशन, सारे कोणत्या तरी टेबलावरच्या यंत्रातून बाहेर पडते. ते यंत्र बंद पडले की माणसाचा हक्कही बंद पडतो.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल, पावरा, मावची, कोकणी बांधव धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरून मजुरी बुडवून दाखल्यासाठी येतात आणि ऐकतात काय? ‘मशीन बंद आहे, उद्या या.’ २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तीन खेपा झाल्या की ९३६ रुपये बुडाले, गाडीभाडे वेगळेच. कार्यालयाने खरेदीत वाचवलेले पैसे असे गरिबाच्या खिशातून वसूल होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घातले आहे. त्या बंधनापुढे ‘मशीन बंद’ ही सबब कशी चालेल?

आम्ही महागड्या यंत्राची मागणी करीत नाही. आम्ही हिशेबाची मागणी करतो. समजा, २७ हजारांचा लॅपटॉप तीन वर्षांत निकामी झाला, तर वर्षाला ९ हजार पडले. ४२ हजारांचा सहा वर्षे चालला, तर वर्षाला ७ हजार. मग स्वस्त कोणता? शासकीय खरेदीत कमी दराला पसंती मिळते हे खरे; पण कोणत्या दर्जाच्या यंत्रासाठी दर मागवायचे, हे खरेदी करणारे कार्यालयच ठरवते. दोष दराचा नाही, तपशील न लिहिणाऱ्याचा आहे.

मग तपशिलात काय असावे? दाखले, पत्रे, तक्ते आणि ऑनलाइन अर्ज एवढ्या कामाला ८ जीबी रॅम पुरते. पुढे ती वाढविण्याची सोय असावी. साठवणीसाठी जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे घाटातले धक्के ती सोसते आणि काम वेगाने होते. बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि प्रिंटर एकाच वेळी जोडावे लागतात, म्हणून साध्या यूएसबीच्या किमान तीन जागा हव्यात. बॅटरी आणि कीबोर्ड बदलता येतील असेच मॉडेल निवडावे. बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिचा दम कमी होतो. वीज जाणाऱ्या गावात हा दिवस लवकर येतो. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पुष्कळ लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. तेव्हा पत्र्याच्या खोलीत खिडकीजवळ यंत्र ठेवू नये, हवेची जाळी महिन्यातून एकदा साफ करावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

वॉरंटी तीन वर्षांची आणि कारागीर कार्यालयात येऊन दुरुस्ती करील अशी असावी. त्यासाठी तो नंदुरबारहून येणार, धुळ्याहून की नाशिकहून, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि लिहून घ्यावे.

ज्या संस्थांकडे पैसा कमी आहे त्यांनी मोठ्या कंपन्यांनी वापरून विकलेले, नीट तपासून दिलेले लॅपटॉप घ्यायला लाजू नये. कार्यालयीन वापरासाठी बनवलेली ही यंत्रे सहसा मजबूत असतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कोणी गळ्यात मारीत असेल तर सावध राहावे. लिनक्स मोफत आहे. पण आपले टोकन आणि ठशांचे यंत्र त्यावर चालते का, हे आधी पाहावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉन्टमधले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांचा बोजवारा उडतो.

हे कार्यालयाला विचारायचे कोणी? नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे चार तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत; शहादा आणि नंदुरबारचाही काही भाग त्यात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तेथील ग्रामपंचायतीला योजनांवर खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. म्हणजे गावाच्या पैशातून यंत्र आले असेल, तर ते केवढ्याचे, वॉरंटी किती, किती दिवस बंद होते, हे पाड्यावरची बाई ग्रामसभेत उभी राहून विचारू शकते. हा तिचा अधिकार आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीतला पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे त्यांनी बारकाईने तपासले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी गावातल्या एका लॅपटॉपचे बिल तपासायला कचरू नये. आणि हीच शिस्त आपल्या वसतिगृहांनी, पतसंस्थांनी, विहार समित्यांनी स्वतःलाही लावावी. वर्गणीचा पैसा मजुरीतूनच आलेला असतो. पुढच्या ग्रामसभेला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.