शीतयंत्राची निवड : व्यापारी बंधूंनी करावयाचा विचार

खातेगांव ही मुख्यतः धान्याची पेठ. सोयाबीन, गहू आणि हरभरा यांची आवक, इंदूर-बैतूल मार्गावरील वाहतूक आणि पलीकडे नेमावर येथे नर्मदामाई, असा आमच्या व्यवहाराचा परिसर आहे. या व्यवहारात गोदाम, वजनकाटा आणि बारदान यांचे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. परंतु आता आमच्यातील कित्येक कुटुंबांतील तरुण मंडळी दुग्धशीतकरण, शीतगृह, तेल-उद्योग व प्लॅस्टिकच्या वस्तू अशा धंद्यांकडे वळत आहेत. देवास आणि धार जिल्ह्यातील पीथमपूर येथील कारखानदारी जवळ असल्यामुळे हे स्वाभाविकच होय. या सर्व धंद्यांत एक नवा खर्च समोर येतो, तो म्हणजे थंडावा विकत घेण्याचा. धान्य पारखणारा व्यापारी यंत्राच्या बाबतीत मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी पस्तावतो. असा पस्तावा टळावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शीतयंत्र करते काय ते पाहू. ते थंडी निर्माण करीत नाही; एका ठिकाणची उष्णता उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकते. नळ्यांच्या बंद वर्तुळात एक शीतक द्रव्य फिरत असते. ते एका बाजूस उकळते, आणि उकळताना भोवतालच्या पाण्यातील उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर त्या वाफेस दाबतो. दाबलेली वाफ तापते आणि कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव बनते. मग एका अरुंद झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. विजेचे बिल कॉम्प्रेसरचे असते. उष्णता जितक्या थंड जागेतून उचलावयाची आणि जितक्या उष्ण जागी टाकावयाची, तितके कॉम्प्रेसरचे श्रम अधिक. विहिरीचे पाणी जितके खोल, तितका रहाटाला जोर अधिक, तसेच हे आहे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

यंत्राची शक्ति टनांत मोजतात. हा टन वजनाचा नव्हे. यंत्राने बनविलेले बर्फ येण्यापूर्वी नैसर्गिक बर्फाचा व्यापार चाले. १८३३ साली अमेरिकेतील बर्फ जहाजाने कलकत्त्यास आले आणि पुढच्याच वर्षी मुंबईस. चोवीस तासांत २,००० पौंड बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढे काम करणारे यंत्र एक टनाचे, असे माप त्या बर्फाच्या हिशेबावरूनच पडले. आपल्या मापात एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. एक किलो पाणी एक अंशाने थंड करावयास एक किलोकॅलरी काढावी लागते, हे ध्यानात ठेवले की हिशेब कोणासही करता येईल.

उदाहरणासाठी दुग्धशीतकरणाचे केंद्र घेऊ. समजा, सकाळी २,००० लिटर दूध जमा होते. धारोष्ण दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणावयाचे, म्हणजे ३१ अंश उतरवावयाचे. दुधाचा उष्णतेचा गुणांक पाण्याहून किंचित कमी असल्यामुळे एकंदर सुमारे ६०,००० किलोकॅलरी काढाव्या लागतील. दूध नासू नये म्हणून हे काम दोन तासांत व्हावयास हवे. म्हणजे तासाला ३०,००० किलोकॅलरी, अर्थात् सुमारे १० टनांचे यंत्र. विक्रेता हाच हिशेब दाखवितो आणि वर 'थोडे जास्त असू द्या' म्हणून १५ टनांचे यंत्र सुचवितो.

परंतु हेच काम दुसऱ्या रीतीनेही होते. रात्रभरात, दहा तास संथपणे चालून, लहान यंत्राने टाकीत बर्फ जमवून ठेवावे, आणि सकाळी दूध आले की त्या बर्फाळ पाण्याने ते थंड करावे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. तेव्हा ७५० किलो बर्फ पुरे. त्यासाठी हिशेबाने २ टन, आणि गळती व बर्फ जमविताना घटणारी शक्ति धरून ३ टनांचे यंत्र पुरेल. बर्फ बनविण्यासाठी शून्याखाली उतरावे लागते, त्यामुळे प्रत्येक टनामागे वीज थोडी अधिक लागते, हा त्यातील दोष. परंतु यंत्र लहान, विजेचा मंजूर भार लहान, आणि सकाळी वीज गेली तरी बर्फ शिल्लक असल्यामुळे केवळ पंप जनरेटरवर चालवून दूध वाचविता येते. याच्या उलट, ज्या कारखान्यात थंडाव्याची गरज दिवसरात्र सारखी असते, तेथे बर्फाच्या टाकीचा काही लाभ नाही. म्हणून पहिला प्रश्न 'किती टन ?' हा नसून 'किती तास, आणि केव्हा ?' हा आहे.

दुसरा प्रश्न : किती थंड ? याचे उत्तर बहुधा विचार न करताच दिले जाते. प्लॅस्टिकच्या यंत्रातील तेलास ३० अंशांच्या आसपासचे पाणी चालते. ते साधा कूलिंग टॉवर देऊ शकतो. साच्यास मात्र बहुधा १० ते १५ अंशांचे पाणी लागते. सोयाबीनच्या तेल-कारखान्यात हेक्झेनची वाफ थंड करण्याचे बहुतेक काम टॉवरच्या पाण्याने होते. शेवटी निसटून जाणारी वाफ पकडण्यापुरते अधिक थंड पाणी उपयोगी पडते. जे काम टॉवरने भागते त्यासाठी शीतयंत्र घेणे म्हणजे उंबरठ्याबाहेर जावयास घोडा जुंपणे होय. शिवाय, १० अंशांनी भागत असता ५ अंश मागितले तर प्रत्येक अंशामागे सुमारे तीन टक्के वीज अधिक द्यावी लागते. ५ अंशांखाली जावयाचे तर पाण्यात ग्लायकॉल मिसळावे लागते, नाहीतर पाणी गोठून नळ्या फुटण्याचा संभव असतो. येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो : दूध व खाद्यपदार्थ यांच्या कामी प्रोपिलीन ग्लायकॉलच वापरावे. एथिलीन ग्लायकॉल स्वस्त असते, परंतु ते विषारी आहे.

आता मुख्य निवडीकडे वळू. कंडेन्सरमधील उष्णता हवेत टाकावयाची की पाण्यात ? हवेवर थंड होणारे यंत्र उघड्यावर ठेवले की झाले. टॉवर नको, पाणी नको. परंतु वैशाखात आमच्याकडे हवाच ४२-४३ अंशांवर जाते. तीत उष्णता टाकण्यासाठी शीतकास ५५ अंशांच्या आसपास तापवावे लागते. म्हणजे रहाटाची विहीर ऐन उन्हाळ्यातच खोल होते. पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात टॉवरमधील थोडे पाणी वाफ होऊन उरलेले थंड करते. आमचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे पाणी भोवतालच्या हवेपेक्षा बरेच थंड मिळते. म्हणून हवेच्या यंत्रास एका टनामागे साधारण १.१ ते १.३ किलोवॉट वीज लागत असेल, तर पाण्याच्या मोठ्या स्क्रू यंत्रास पंप व पंखे धरूनही ०.८ ते ०.९ पुरते.

एवढ्यावरून पाण्याचे यंत्र श्रेष्ठ ठरविणे घाईचे होईल. टॉवर एका टनामागे तासाला सुमारे साडेसहा लिटर पाणी वाफ करून उडवितो. क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावयाचे पाणी धरता आठ लिटर होतात. ५० टनांचे यंत्र दिवसाला २० तास चालले तर ८,००० लिटर पाणी गेले. त्याच काळात हवेच्या यंत्राच्या तुलनेत वाचलेली वीज सुमारे ३५० युनिट. युनिटास ७ रुपये धरले तर २,४५० रुपये. म्हणजे पाणी लिटरला ३० पैशांहून महाग पडू लागले, अर्थात् ५,००० लिटरचा टँकर १,५०० रुपयांच्या वर गेला, की सारी बचत संपली. क्षार काढण्याचा व औषधांचा खर्च निराळाच. पाणी जड असेल तर नळ्यांत खडीसारखा थर बसतो आणि चांगले यंत्रही वाईट यंत्राइतकी वीज खाऊ लागते. सभासदांनी आपापले दर घालून हा हिशेब कागदावर मांडावा.

आमच्या पाहण्यातील एका केंद्राने असा हिशेब न मांडता पाण्याचे यंत्र बसविले. पौषात बोअरिंग भरपूर होते. वैशाखाच्या शेवटी ते आटले, यंत्र दाब वाढून वारंवार बंद पडू लागले, आणि दोन वेळचे दूध नासले. मालकाचे नुकसान झाले ते झाले. परंतु ज्या घरांतून ते दूध आले होते त्यांचे पैसे महिनाभर अडकले, ही गोष्ट आम्हांस अधिक लागली. बोअरिंगची परीक्षा पौषात नव्हे, ज्येष्ठात करावयाची असते.

या प्रश्नास आणखी एक बाजू आहे, आणि ती जैन व्यापाऱ्याने तरी दृष्टीआड करू नये. श्रावकास वर्ज्य मानलेल्या पंधरा खरकर्मांत सरोवरे व तलाव आटविण्याच्या कर्माची गणना आहे. ज्या पूर्वाचार्यांनी हे सांगितले त्यांनी बोअरिंग पाहिले नव्हते. तरी गावाचे पाणी आमच्या धंद्यापायी आटू नये, हा त्यातील अर्थ आजही स्पष्ट आहे. टॉवरमध्ये शेवाळ व जंतु होतात आणि ते मारण्यासाठी औषधे घालावी लागतात, हाही विचार मनात येतो. पण म्हणून टॉवर अस्वच्छ ठेवणे हा काही धर्म नव्हे. अस्वच्छ टॉवरच्या तुषारांतून माणसांस रोग होतो, हे १९७६ साली फिलाडेल्फिया येथील साथीनंतर जगास कळले. दुसऱ्या बाजूस, हवेच्या यंत्रास लागणारी अधिक वीज कोळसा जाळून येत असेल तर तीही निर्दोष नव्हे. संपूर्ण निर्दोष यंत्र नाही. यत्नाचारपूर्वक कमी दोषाचे निवडावे, एवढेच आपल्या हाती आहे. जेथे बारमाही व खात्रीचे पाणी आहे आणि यंत्र मोठे आहे, तेथे पाण्याचे घ्यावे आणि छपरावरील पावसाचे पाणी साठवून टॉवरास द्यावे. जेथे पाण्याची शाश्वति नाही, तेथे हवेचे. त्यातही मधला मार्ग आहे : हवेच्या यंत्रापुढे ओले पडदे बसवून केवळ उन्हाळ्याच्या भर दुपारी ते भिजवावे, म्हणजे थोड्या पाण्यात पुष्कळ वीज वाचते.

ज्यांच्या कारखान्यात बॉयलर आहे आणि उष्णता वाया जाते, त्यांनी शोषण-यंत्राचाही विचार करावा. त्यात कॉम्प्रेसरऐवजी लिथियम ब्रोमाइडचे द्रावण पाण्याची वाफ शोषते आणि उष्णतेने ती पुन्हा बाहेर काढली जाते. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रे बनविते. वीज अत्यल्प लागते. परंतु टॉवरचे पाणी विजेच्या यंत्राहून अधिक लागते. फुकटची वाफ असेल तरच हे परवडते. मुद्दाम सरपण जाळून नव्हे.

शीतक द्रव्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मोठ्या शीतगृहांत व बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया दीर्घकाळ चालत आला आहे. तो स्वस्त आहे, वीज कमी खातो, आणि ओझोनच्या थरास व हवामानास अपाय करीत नाही. परंतु तो विषारी आहे. म्हणून वस्तीलगत, किंवा शिकलेला चालक नसता, तो घेऊ नये. आर-२२ या वायूवरील जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी टाळावे. १९८७ च्या माँट्रियल कराराप्रमाणे तो वायू हटविण्यात येत आहे. आज यंत्रात वाचलेले रुपये उद्या वायूच्या डब्यावर जातील. त्याच्या जागी आलेल्या वायूंपैकीही कित्येक हवामानास घातक ठरले असून, ते कमी करण्याचा किगाली करार भारताने २०२१ मध्ये स्वीकारला आहे. तेव्हा विक्रेत्यास वायूचे नाव आणि त्याचे भवितव्य अवश्य विचारावे.

शेवटी सौदा करताना विचारावयाचे प्रश्न. यंत्राच्या पत्रकावरील टन बहुधा ३५ अंश हवा व ७ अंश पाणी धरून लिहिलेले असतात. आमच्या ४३ अंशांत ते घटतात. म्हणून '४५ अंश हवेत, आम्हांस हव्या त्या थंडीवर, किती टन व किती वीज ?' हे लेखी मागावे. एक मोठा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. एक बिघडला तरी अर्धे काम चालते. दुरुस्तीचा माणूस किती तासांत पोहोचेल आणि सुटे भाग इंदुरास मिळतील काय, याची खात्री करावी. यंत्राच्या किमतीबरोबर दहा वर्षांच्या विजेची किंमत मांडावी; ज्यांचे यंत्र बाराही महिने चालते त्यांस दुसरी रक्कम पहिलीहून कितीतरी मोठी दिसेल.

आणि गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊ नये. मोठे यंत्र थोडा वेळ चालून वारंवार थांबते. प्रत्येक सुरुवातीस झीज होते आणि भांडवल पडून राहते. आपल्या व्रतांत परिग्रहाचे परिमाण सांगितले आहे. तो नियम यंत्रशाळेतही तितकाच हिताचा आहे. वर्षभराच्या अनुभवानंतर गरज वाढलीच तर दुसरे यंत्र जोडता येते. घेतलेले मोठे यंत्र मात्र परत करता येत नाही.

आमच्या तरुण सभासदांनी नव्या धंद्यात जरूर उतरावे. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी जशी प्रत्येक पोत्यातील मूठभर धान्य हातावर घेऊन पारख केली, तशीच पारख यंत्राचीही करावी, अशी आमची त्यांस प्रेमाची सूचना आहे. जय जिनेन्द्र.