न झालेल्या बागेने घडवलेली वस्ती

अमेरिकेतल्या सिएटल शहरात, साउथ लेक युनियन नावाच्या भागात आज अमेझॉनच्या उंच इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं रोज तिथे कामाला जातात. त्याच जमिनीवर एकेकाळी ६१ एकरांची बाग होणार होती, आणि ती झाली नाही म्हणूनच ही वस्ती अशी उभी राहिली!

१९९१ साली जॉन हिंटरबर्गर या स्तंभलेखकाने ‘सिएटल टाइम्स’मध्ये कल्पना मांडली: शहराच्या मध्यापासून थेट लेक युनियन तळ्यापर्यंत सलग हिरवळ असावी. मध्ये होती गोदामं, गॅरेज, छोटे कारखाने. लोकांनी ही कल्पना उचलून धरली, ‘सिएटल कॉमन्स’ असं तिचं नाव पडलं.

आता खरी गंमत ऐका. बागेची नुसती चर्चा सुरू झाली तरी आसपासच्या जमिनीचे भाव चढतात. म्हणून जमीन आधीच घेऊन ठेवायला हवी होती. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी त्यासाठी २ कोटी डॉलर कर्जाऊ दिले. अट अशी, की मतदारांनी बागेचा कर मंजूर केला तर कर्ज माफ; नाही केला तर घेतलेली जमीन ॲलन यांची. मला या साऱ्या कथेत सर्वांत थक्क करते ती ही अट. बाग झाली किंवा नाही झाली, तरी त्या जमिनीचं पुढे काय होणार हे मतदानाआधीच ठरून गेलं होतं.

सप्टेंबर १९९५ मध्ये ११ कोटी १० लाख डॉलरच्या करावर मतदान झालं. लोकांनी नकार दिला. गॅरेजवाले आणि छोटे कारखानदार उठवले जातील, बागेभोवती श्रीमंतांची घरं येतील, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. मे १९९६ मध्ये योजना लहान करून पुन्हा मत मागितलं; पुन्हा नकार.

मग अट लागू झाली. सुमारे ११ एकर जमीन ॲलन यांच्याकडे गेली. त्यांच्या ‘व्हल्कन’ कंपनीने तिला लागून खरेदी चालूच ठेवली, इतकी की तिची मालकी ६० एकरांच्या आसपास पोहोचली. म्हणजे जवळजवळ त्या बागेएवढीच! प्रयोगशाळा आल्या, २००७ मध्ये ट्राम धावू लागली, त्याच वर्षी अमेझॉनने इथे यायचं जाहीर केलं. २०१२ मध्ये तिने व्हल्कनकडून ११ इमारती सुमारे ११६ कोटी डॉलरना विकत घेतल्या.

गॅरेजवाल्यांची जागा वाचावी म्हणून अनेकांनी बागेला नकार दिला होता. बाग आली नाही, तरी त्यांतल्या बहुतेकांना जावंच लागलं. त्यांना राहता येईल अशी तरतूद बागेच्या योजनेतच भक्कमपणे व्हायला हवी होती, असं माझं मत आहे. तळ्याकाठी २०१० साली एक बाग पूर्ण झाली. ती १२ एकरांची आहे.