बिडाला घातलेले टाके

घरात बिडाचा तवा असेल, तर त्याचे एक पथ्य सगळ्यांना ठाऊक असते. भाकऱ्या झाल्या, की तापलेला तवा थेट नळाखाली धरायचा नाही. आईने मुलीला आणि सासूने सुनेला हे बजावून ठेवलेले असते. कारण ‘चर्र’ आवाजापाठोपाठ एखादे वेळी ‘टक्’ असाही आवाज येतो आणि तवा कामातून जातो. जुन्या मोटारीच्या इंजिनाचा मुख्य भाग, ज्याला ब्लॉक म्हणतात, तोही याच बिडाचा असतो. त्याचे पथ्यही तेच. फरक एवढाच, की तवा बाजारात दुसरा मिळतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मोटारीचा ब्लॉक सहजासहजी मिळत नाही.

बीड म्हणजे साधारण दोन ते चार टक्के कार्बन असलेले ओतीव लोखंड. ते वितळले की पातळ होते आणि वाळूच्या साच्यातील कानाकोपऱ्यांत शिरते. म्हणून तर सिलिंडरांच्या नळ्या, त्यांच्याभोवती पाणी खेळवणारी पोकळी आणि तेलाच्या वाटा एवढे सगळे एकाच ओतकामात साधता येते. त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे इंजिनाची थरथर पोटात घेतात, पण ताण आला की भेग त्यांच्याच वाटेने धावते. पोलाद वाकते, बीड वाकत नाही, तडकते.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली, तेव्हापासून परदेशी मोटारी आपल्या रस्त्यांवर वाढत गेल्या. त्या काळातले एक गाजलेले इंजिन म्हणजे फोर्डने १९३२ मध्ये आणलेले व्ही-८. आठही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात बसवून ते सामान्य माणसाच्या मोटारीत आणणे हा मोठाच पराक्रम होता. पण त्यात एक खोट राहिली. वॉल्व्ह इंजिनाच्या मध्यभागी आणि धुराची नळकांडी बाहेरच्या अंगाला. त्यामुळे जळका वायू ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या पोकळीला चटके देत बाहेर पडे. इंजिन लवकर तापे आणि वॉल्व्हची बैठक व सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद जागेत भेगा पडत. जगभरचे या इंजिनाचे शौकीन आजही पहिल्यांदा तिथेच बोट ठेवून पाहतात.

थंड देशांत ब्लॉक फुटण्याचे मुख्य कारण हिवाळा. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाची भिंत फोडते. आपल्याकडे वैरी आहे तो उन्हाळा. भर मे महिन्यात बोरघाट चढताना रेडिएटर उकळू लागतो. गाडी बाजूला घेतली जाते, मंडळी घामाघूम, मुले रडकुंडीला आलेली. अशा वेळी कोणीतरी झाकण उघडून कोरड्या पडत चाललेल्या तप्त इंजिनात कळशीभर गार पाणी ओततो. आतला पृष्ठभाग क्षणात आकसतो, बाहेरचा तसाच तापलेला राहतो आणि ओढाताणीत ब्लॉक तडकतो. अर्धा तास सावलीत थांबले असते, तर काहीच झाले नसते.

भेग नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही. रेडिएटरचे पाणी कुठेही न गळता कमी होते. तेल दूध घातल्यासारखे पांढुरके होते. धुराच्या नळीतून वाफ येत राहते. मग जाणकार मिस्त्री ब्लॉकची पाण्याची सगळी तोंडे बंद करून आत हवा भरतो आणि वर साबणाचे पाणी फिरवतो. बुडबुडा जिथे येईल तिथे भेग. पंक्चर काढण्याचीच ही थोरली आवृत्ती. भेग पाण्याच्या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर फार काळजी नको. सिलिंडरच्या आत असेल तर नळी बसवून निभावते. पण क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या बैठकीलाच तडा गेला असेल, तर मालकाला स्पष्ट ‘नाही’ सांगणारा मिस्त्रीच खरा.

रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा उपाय जुन्या ड्रायव्हर मंडळींना माहीत आहे. हळद बारीक भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. पण रेडिएटरच्या नाजूक नळ्याही तीच बुजवते. गाडी घरापर्यंत आणायला हे ठीक, त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

खरी दुरुस्ती दोन प्रकारांनी होते. पहिली वेल्डिंगची. बिडाला एकाच जागी एकदम आच दिली आणि ते झटकन निवले, तर जोडाशेजारचा भाग काचेसारखा कडक होतो आणि पहिल्या भेगेच्या शेजारी दुसरी पडते. म्हणून अख्खा ब्लॉक भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवतात, त्या धगीत बिडाच्याच कांडीने जोड भरतात आणि मग राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश निवू देतात. इथे ‘उद्या सकाळी द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक उपयोगाचे नाही.

दुसरी रीत टाक्यांची. टेक्सासच्या तेलक्षेत्रांत १९३०च्या दशकात ती पुढे आली, कारण तिथे वेल्डिंगची ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण. हिच्यात विस्तव नाहीच. प्रथम भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेगेला आडवी खाच करून तीत धातूच्या चाव्या ठोकून बसवतात. त्या दोन्ही काठ धरून ठेवतात. नंतर भेगेच्या रेषेवर भोके पाडून, आटे काढून स्क्रू बसवतात. प्रत्येक नवा स्क्रू आधीच्याचा थोडासा भाग कापून बसतो, त्यामुळे मध्ये फट उरत नाही. शेवटी घासून सपाट केले, की शिवण शोधावी लागते.

एवढा खटाटोप कशाला, दुसरे इंजिन का बसवू नये, असे कोणी विचारील. अनेक मोटारींचा इंजिन-क्रमांक ब्लॉकवरच ठोकलेला असतो. ब्लॉक गेला की मोटारीची जन्मखूण गेली. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. त्यातही मोटार पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. तेव्हा टाके घातलेला मूळचा ब्लॉक हा परक्या नव्या इंजिनापेक्षा मोलाचा ठरतो.

मात्र टाके घालून भागत नाही. रेडिएटरमध्ये विहिरीच्या जड पाण्याचे क्षार तसेच साचलेले असतील, पंख्याचा पट्टा सैल असेल, तर तोच ब्लॉक पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे तडकेल. म्हणून चांगला मिस्त्री हत्यार उचलण्याआधी मालकाला विचारतो, ‘ही तापली कशामुळे?’ त्याचे उत्तर मिळाल्यावरच तो भेगेच्या टोकाला पहिले भोक पाडतो.